घर-अंगण : प्लॅस्टिकच्या गवताला ठिगळ



मागे या सदरात आम्ही गळक्या नळाबद्दल आणि फुगलेल्या दरवाजाबद्दल लिहिले होते. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. विषय आहे प्लॅस्टिकच्या गवताचा. ‘आपल्या दहा बाय बाराच्या खोलीला अंगण कुठले आणि त्यात गवत कुठले?’ असे कोणी विचारील, आणि ते खरेच आहे. पण हे गवत ज्यांच्या अंगणात अंथरलेले असते ते वेगळे, आणि ते झाडणारे, धुणारे, त्याची राखण करणारे वेगळे. हे दुसरे लोक आपल्याच घरातले असतात. म्हणून हा विषय आपलाही आहे.

आमच्या शेजारच्या वहिनींचा मोठा मुलगा पुण्याकडच्या एका बंगल्यांच्या वसाहतीत देखभालीच्या कामावर आहे. नोकरी ठेकेदाराकडची. सकाळी अंगणे झाडायची, कुंड्यांना पाणी घालायचे, रात्रपाळी असली तर फाटकावर बसायचे, असे त्याचे काम. गेल्या थंडीत एका बंगल्याच्या अंगणातले प्लॅस्टिकचे गवत एका पट्ट्यात आकसून, वितळून गेलेले दिसले. मालकांनी ठेकेदाराला सांगितले, ‘रात्री तुमच्या पोराने इथे शेकोटी केली.’ पोराने शेकोटी केली नव्हती. पण विचारतो कोण? पहिल्याच महिन्याच्या पगारातून पैसे कापले गेले, आणि उरलेले पुढच्या दोन महिन्यांत कापू असे सांगण्यात आले.

वहिनी आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “भावजी, पैशाचं दुःख आहेच. पण पोरगं खोटारडं ठरलं, त्याचं जास्त आहे. तुम्ही एकदा जाऊन बघा.”

आम्ही रविवारी गेलो.

तिथे काय पाहिले ते सांगण्याआधी हे गवत असते तरी काय, ते पाहू. हिरवी पाती असतात ती बहुधा पॉलिथिलीनची, म्हणजे आपल्या बाजारच्या पिशवीच्याच जातीच्या प्लॅस्टिकची. काही स्वस्त मालात पॉलिप्रॉपिलीन असते, तर जुन्या मालात नायलॉनही सापडते. ही पाती एका विणलेल्या प्लॅस्टिकच्या कापडातून ओळीने शिवून काढलेली असतात. टाके निसटू नयेत म्हणून कापडाच्या पाठीवर लॅटेक्सचा किंवा पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो, आणि पावसाचे पाणी खाली जावे म्हणून पाठीला भोके ठेवलेली असतात. असा माल गुंडाळ्यांत येतो. खाली कच आणि खडी दाबून सपाट केलेली जमीन असते, तिच्यावर गुंडाळी उलगडतात. दोन पट्टे जिथे भेटतात तिथे खालून पट्टी लावून गोंदाने जोड देतात. काही ठिकाणी पाती उभी राहावीत म्हणून त्यात बारीक वाळूही घालतात.

आता मुद्द्याची गोष्ट. पॉलिथिलीन साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला वितळते, आणि त्याच्या आधीच मऊ पडून आकसू लागते. नुसत्या उन्हाने हे गवत तापते खूप. भर दुपारी ६० अंशांच्या पुढे जाते, अनवाणी पाय ठेववत नाही. पण नुसत्या उन्हाने ते वितळत नाही. मग हा पट्टा वितळला कशाने?

आम्ही गुडघे टेकून पट्टा पाहिला. शेकोटी केली असती तर राख, काजळी, कोळशाचे कण काहीतरी सापडले असते. एका जागी गोल भोक पडले असते आणि खालचे कापडही जळाले असते. विडी-सिगारेटचा डाग बोटाच्या पेराएवढा गोल आणि काळा असतो. इथे तसे काहीच नव्हते. पात्यांचे फक्त शेंडे मुरडलेले होते, जसे विस्तवाजवळ धरलेल्या केसांचे होतात. खालचे कापड शाबूत होते. आणि डाग गोल नव्हता, हातभर लांब आणि किंचित वाकडा असा ओरखडा होता. पोराला विचारले, “हा एकाच रात्रीत झाला का?” तो म्हणाला, “नाही काका, आठवडाभर वाढतच होता. मी सांगितलं होतं, पण कुणी लक्ष दिलं नाही.”

शेकोटी आठवडाभर वाढत नाही.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. आम्ही तिथेच बसून राहिलो. पावणेदहाच्या सुमारास शेजारच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावरील खिडकीवर ऊन आले, आणि तिचा कवडसा बरोबर त्या पट्ट्याच्या एका टोकावर पडला. कवडसा साधा नव्हता, मधोमध डोळे दिपावेत असा होता. हात धरला तो लगेच मागे घ्यावा लागला. अर्ध्या तासात तो कवडसा सरकत सरकत पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. शेजाऱ्यांनी दोन-अडीच महिन्यांपूर्वी खिडक्या बदलल्या होत्या, ही माहिती नंतर मिळाली.

असे का होते, ते समजून घ्यावे. आजकाल खोली थंड राहावी म्हणून दुहेरी काचांच्या खिडक्या बसवतात. दोन काचांच्या मध्ये हवा किंवा वायू कोंडलेला असतो, आणि काचेवर धातूचा अतिशय पातळ मुलामा असतो. हा मुलामा उष्णता परत फेकतो. थंडीत आतला वायू आकसला की काचा मध्यभागी किंचित आत ओढल्या जातात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काच अंतर्वक्र आरशासारखी होते. शाळेत भिंगाने कागद पेटवायचा खेळ आपण सर्वांनी केला आहे. हा तोच खेळ, फक्त भिंगाच्या जागी आरसा. परदेशात अशा खिडक्यांमुळे शेजारच्या घराच्या भिंतीवरचे प्लॅस्टिकचे आवरण वितळल्याचे आणि अंगणातले प्लॅस्टिकचे गवत करपल्याचे प्रकार चांगलेच माहीत झालेले आहेत. आपल्याकडे काच आणि प्लॅस्टिकचे गवत दोन्ही वाढत आहेत, तेव्हा हे प्रकारही वाढणार.

पण नुसते सांगून मालक मानतील का? आम्ही पोराला एक युक्ती सांगितली. गवत बसवताना उरलेले दोन तुकडे पाण्याच्या टाकीमागे पडलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एक तुकडा कवडशाच्या वाटेवर ठेवला आणि दुसरा चार हात दूर, साध्या उन्हात. मालकांना आधीच विनंती केली होती, “साहेब, दहा मिनिटं उभे राहून बघा.” पहिल्या तुकड्याचे शेंडे त्यांच्या डोळ्यांदेखत मुरडले. दुसरा जसाच्या तसा राहिला. मालक थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ठेकेदाराला मी सांगतो.”

इथे कायद्याचे दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण असा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर येतो. नुकसान झाले म्हणून पगार कापायचा तर ते नुकसान त्या कामगाराच्या हयगयीने किंवा चुकीने झालेले असले पाहिजे. कपात नुकसानीच्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. आणि कापण्याआधी कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. वेतन देण्याबाबतच्या १९३६ च्या कायद्यात हे होते, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही हेच तत्त्व आहे. म्हणून कोणी तोंडी ‘पैसे कापले’ म्हणाला तर घाबरून गप्प बसू नये. ‘माझं म्हणणं लेखी घ्या’ असे नम्रपणे, पण ठामपणे म्हणावे, आणि आपल्या अर्जाची एक प्रत जवळ ठेवावी. आमच्या या पोराने अर्ज दिला, सोबत मोबाईलवर काढलेले तासातासाचे फोटो दिले. कापलेले पैसे पुढच्या पगारात परत आले. कोणी माफी मागितली नाही, हेही नमूद करतो.

आता राहिले गवत. गवत बसवणाऱ्याने येऊन सांगितले, ‘सगळेच उचलून नवे टाकावे लागेल.’ मालकांना तो खर्च डोईजड वाटला. तेव्हा पोरगा म्हणाला, “मी करून देतो.” म्हणाला खरा, पण संध्याकाळी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. तुकडा कापून बसवला की तो वेगळाच दिसे. उरलेल्या दोन तुकड्यांवर त्याने करून पाहिले होते. रंग तोच, पण जोड डोळ्यांत खुपे.

वहिनी गोधडी शिवत बसल्या होत्या. त्यांनी तो तुकडा हातात घेतला, एकदा वरून हात फिरवला, एकदा उलटा फिरवला, आणि म्हणाल्या, “अरे, ह्याला मखमलीसारखी लव आहे. एका अंगाला झुकलंय सगळं. तू ठिगळ आडवं लावलंस. आणि वरून काय कापतोस? पाठ बघ, टाक्याच्या ओळी दिसतायत. दोन ओळींच्या मधून काप, म्हणजे टाका तुटणार नाही.”

बंधूंनो, यंत्राच्या मालाची किल्ली वहिनींच्या सुई-दोऱ्यात सापडली, याचे आम्हाला आश्चर्य वाटले. पण खरे पाहता त्यात आश्चर्य नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात डाल्टन नावाचे गाव आहे. तिथे १८९५ च्या सुमारास कॅथरीन इव्हान्स नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीने चादरीवर जाड सुताचे टाके घालून, त्यांची टोके कापून फुलवण्याची जुनी हातकला पुन्हा सुरू केली. गावोगावच्या बायका घरी बसून अशा चादरी करू लागल्या. पुढे त्या टाक्याची यंत्रे निघाली, यंत्रांवर गालिचे होऊ लागले, आणि त्याच पद्धतीच्या यंत्रांवर आज हे प्लॅस्टिकचे गवत शिवले जाते. म्हणजे या गवताच्या मुळाशी खेड्यातल्या एका मुलीची सुई आहे. गोधडी शिवणाऱ्या बाईला त्याची पाठ वाचता येणारच.

आता दुरुस्तीची रीत क्रमाने सांगतो. कात्रण जपून ठेवावे.

पहिले काम, कारण बंद करणे. कवडसा येत असेल तर शेजाऱ्यांशी गोडीने बोलून खिडकीला बाहेरून जाळी, पडदा किंवा चमक मारणारा कागद लावून घ्यावा. ते जमत नसेल तर आपल्या बाजूला कुंड्या किंवा हिरवी जाळी उभी करावी. हे न करता ठिगळ लावले तर महिन्याभरात ठिगळही वितळेल.

दुसरे, नुकसान मोजावे. फक्त शेंडे मुरडले असतील आणि डाग लहान असेल तर कात्रीने शेंडे छाटून, ब्रश मारून भागते. पाती मुळापर्यंत गेली असतील तरच ठिगळ.

तिसरे, ठिगळाचा तुकडा. बसवताना उरलेला तुकडा असेल तर उत्तम. पण अंगणातले गवत चार-पाच वर्षांचे झाले असेल तर ते उन्हाने फिके पडलेले असते, नवा तुकडा उठून दिसतो. अशा वेळी टाकीमागचा किंवा कुंडीखालचा जुना तुकडा कापून तो मधोमध लावावा, आणि नवा तुकडा त्या कोपऱ्यात टाकावा.

चौथे, कापणी. वरून आंधळेपणाने कापू नये. पाती बाजूला सारून एक लहान चीर द्यावी, गवत उलटे दुमडावे आणि पाठीवरच्या दोन ओळींच्या मधून धारदार कटरने सरळ कापावे. पाते बोथट झाले की लगेच बदलावे. खराब भाग चौकोनी काढावा. तोच तुकडा नव्या तुकड्याच्या पाठीवर फर्मा म्हणून ठेवून नवा कापावा. कापण्यापूर्वी दोघांच्या पाठीवर खडूने बाण काढावा. लव ज्या दिशेला झुकते त्या दिशेचा बाण. दोन्ही बाण एका दिशेला आले पाहिजेत.

पाचवे, खालची जमीन. खड्डा असेल तर कच भरावी, थोडे पाणी शिंपडून धुमस मारावी. गवत खचते ते बहुतेक वेळा जमीन खचल्यामुळे. जमीन न भरता वर ठिगळ लावणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे.

सहावे, जोड. चारही कडांच्या खाली जोडपट्टी अर्धी जुन्या गवताखाली आणि अर्धी मोकळ्या जागेत राहील अशी सरकवावी. पट्टीची खरबरीत बाजू वर. तिच्यावर गोंद थापीने पसरावा. हा गोंद बाहेरच्या उन्हा-पावसात टिकणारा, गवताच्या जोडासाठीच मिळतो तो घ्यावा. साधा पांढरा फेव्हिकॉल पहिल्याच पावसात सुटेल. तुकडा वरून हळूच बसवावा. एकही पाते गोंदात अडकता कामा नये, अडकले तर तिथे कायमची रेघ दिसते. दोन कडा एकमेकींवर चढू नयेत, आणि मध्ये २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त फटही राहू नये.

सातवे, वजन. वाळूच्या पिशव्या ठेवून एक पूर्ण दिवस कोणालाही चालू देऊ नये. मग कडक ब्रश लवेच्या उलट दिशेने मारावा, म्हणजे पाती उभी राहून जोड झाकला जातो. मुळात वाळू घातलेली असेल तर कोरडी बारीक वाळू थोडी थोडी टाकून ब्रशने आत घालावी. हे सर्व काम कोरड्या दिवसात करावे. ओल्या पाठीला गोंद धरत नाही.

एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहावी अशी. गवत मातीवर असेल तर कडांना खिळे मारायला हरकत नाही. पण गच्चीवर किंवा वाहनतळाच्या छतावर अंथरलेले असेल तर खिळा अजिबात मारू नये, आणि कटरही खोल घालू नये. खाली पाणी अडवणारा थर असतो. त्याला भोक पडले तर पावसाळ्यात खाली गळती सुरू होते, आणि मग पुन्हा दोष आपल्याच पोरावर येतो.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. पाती बसली असतील तर उलट ब्रश. कुत्र्याच्या लघवीचा वास येत असेल तर भरपूर पाणी, आणि निम्मे पाणी निम्मे व्हिनेगर शिंपडून पुन्हा धुणे. पावसाळ्यात शेवाळ धरत असेल तर पाठीची भोके मातीने बुजली आहेत का ते पाहावे. त्यावर निखारा, गरम तवा, फटाके, पेटती मेणबत्ती काही ठेवू नये.

आमच्या पोराने दीड दिवसात काम पूर्ण केले. पहिल्या कोपऱ्याला एक रेघ राहिली आहे, ती आम्हाला माहीत आहे म्हणून दिसते. मालकांनी मजुरी दिली. ती त्याने मागून घेतली, हे आम्हाला जास्त आवडले. आता सुट्टीच्या दिवशी त्याच वसाहतीत त्याला अशी कामे मिळतात. भांडवल म्हणजे एक कटर, थापी, कडक ब्रश, दोरी आणि खडू.

मग हे गवत चांगले की वाईट? वाचक विचारतील म्हणून दोन शब्द. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात १९६५ साली छप्पर असलेले मोठे मैदान उघडले. खेळाडूंच्या डोळ्यांवर चमक येते म्हणून छताच्या पारदर्शक तावदानांना रंग दिला, आणि आतले खरे गवत मेले. तेव्हा १९६६ साली तिथे प्लॅस्टिकचे गवत अंथरले, आणि जगभर त्याचे नाव झाले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा अशा मैदानावर खेळली गेली. आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकणारा आपला संघ तिथे सातवा आला. आपली पोरे मातीवर आणि खऱ्या गवतावर शिकलेली, सरावाला असे मैदान नव्हते. साधन ज्याच्या हाती, खेळ त्याचा, हे तेव्हाही दिसले.

घरच्या अंगणासाठी मात्र आमचे मत वेगळे आहे. हे गवत उन्हात तापते, पाणी मारले तरी थोड्याच वेळात पुन्हा तापते. झिजून त्याचे बारीक कण माती-पाण्यात जातात. अशा मैदानांत भरायच्या रबराच्या व प्लॅस्टिकच्या दाण्यांवर युरोपीय संघाने २०२३ साली निर्बंध घातले असून २०३१ पासून ते तिथे विकता येणार नाहीत. ज्याच्या दारात हातभर माती आहे त्याने तुळस, कढीपत्ता, दुर्वा काहीही लावावे, लेकरांचे पाय थंड राहतील. पण जिथे हे गवत अंथरलेले आहेच, तिथे ते उकिरड्यावर टाकण्यापेक्षा दुरुस्त करून वापरणे केव्हाही बरे.

परवा वहिनी भेटल्या. म्हणाल्या, “भावजी, पोरगं आता काहीही बिघडलं की आधी तासभर नुसतं बघत बसतं.” आम्ही म्हणालो, “वहिनी, बसू द्या. ते बघणंच त्याच्या कामी आलं.”

आपल्या घरात कोणी अशा कामावर असेल तर हे त्याला वाचून दाखवा. आरोप आला तर आधी नीट पाहायचे, मग बोलायचे, आणि जे बोलायचे ते लिहून द्यायचे. पुढील आठवड्यात पावसाळ्यापूर्वी पत्र्याच्या छपराची डागडुजी कशी करावी ते पाहू.

जयभीम.